घशातली चिलापी आणि मिस्त्रीचा कॅमेरा

“शेपूट हातात आलं, मासा आतच हाय! आतच हाय वो, कुणीतरी बघा!”

किसन असा बोंबलत भिगवणच्या आमच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढला, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. त्याच्या उजव्या मुठीत चिलापीची तुटकी शेपटी होती. डाव्या हातानं त्यानं थोरल्या भावाचा दंड धरला होता. थोरला भाऊ सोपान. दोघंही उजनीच्या पाण्यावर जाळं टाकणारे. सोपान स्वतःच्या पायानं चालत होता, पण पुढं वाकून, दोन्ही हात गळ्याशी, तोंड उघडं, हनुवटीवरून लाळ आणि रक्त. प्रत्येक श्वासाला ओल्या लाकडात करवत अडकल्यासारखा आवाज येत होता. ओठ जांभळे पडायला लागले होते.

“काय झालं? थोडक्यात सांग.”

“दातात धरला व्हता. उसळी मारली आन् आत गेला. म्या शेपूट वढलं, ते तुटलं.”

रिपोर्ट चोख होता. फौजेत मी भल्याभल्या सुभेदारांना याहून लांब आणि याहून निरुपयोगी रिपोर्ट देताना ऐकलंय.

ज्यांना आमच्याकडची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाळ्यातून मासे सोडवताना एखादा जिता मासा दातात धरून ठेवायची इथल्या होडीवाल्यांची जुनी सवय आहे. बाप धरायचा म्हणून पोरगा धरतो. हजार वेळा काही होत नाही. चिलापी म्हणजे चपटा मासा, पाठीवर काट्यांची रांग. डोक्याकडून आत शिरताना काटे मिटतात. मागं ओढलं की छत्रीसारखे उघडतात. किसननं भावाच्या मायेपोटी नेमकी ती छत्री उघडली होती.

मी सोपानला स्ट्रेचरवर बसवला. झोपवला नाही. झोपवला असता तर तिथंच संपला असता. ऑक्सिजनचा मास्क तोंडापुढं धरला आणि ओरडलो, “मॅडम! एअरवे!” म्हणजे श्वासाची वाट बंद होतेय.

माझा आवाज परेड ग्राउंडवर तयार झालेला आहे. मी ओरडलो की स्टेशनात उभी असलेली गाडी सुटते, असं भिगवणमध्ये म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, बाकीचे ऐकतात.

इथं माझी ओळख देतो. गावात मला मेजर म्हणतात. गावाकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मी हवालदार होतो. आर्मी मेडिकल कोअर, नर्सिंग असिस्टंट, सतरा वर्षं नोकरी, त्यातली बहुतेक ऑपरेशन थिएटरात. आता भिगवणच्या या दवाखान्यात थिएटर सांभाळतो. माझ्या बोलण्यात मीठ जरा जास्त पडतं, हे मान्य. फक्त घड्याळाशी मी खोटं बोलत नाही. इथं वेळ लिहिली असेल ती खरी धरा, बाकीचं तुमच्या मगदुराप्रमाणे कमी करून घ्या.

सोपानला थिएटरात नेईपर्यंत तुम्हाला थोडं मागं नेतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी एक पोस्टिंग उत्तरेत होती. ठिकाणाचं नाव सांगत नाही. पोस्ट इतकी उंच की विमान गेलं तर आम्ही खाली वाकून बघायचो. थंडी अशी की चहा कपात ओतताना मधेच गोठायचा आणि आम्ही तो काडी लावून कुल्फीसारखा चोखायचो. ही गोष्ट मी एकदा कमांडिंग ऑफिसरांना सांगितली. त्यांनी मला सात दिवस बर्फ उपसायला लावला आणि म्हणाले, चोखून संपव.

दिनक्रम ठरलेला. ०५३० ला उठणे. ०६०० ला स्टोव्ह, पाणी. ०७०० ला एम.आय. रूम उघडणे. एम.आय. रूम म्हणजे पोस्टचा दवाखाना, आमचा तर एक बंकर होता. आमचे डॉक्टर कॅप्टन साहेब, केरळचे. कमी बोलायचे. त्यांच्या हत्यारांत एक लॅरिंगोस्कोप होता. माणसाचा श्वास बंद पडायला लागला की तोंडातून श्वासनळीत एक नळी घालावी लागते. त्यासाठी ही वाकडी पात. तिला मूठ, मुठीत बॅटरी, पातीच्या टोकाला दिवा. पातीनं जीभ उचलायची, आत डोकवायचं, स्वरयंत्राचं दार दिसलं की नळी आत. दिसलं नाही तर अंदाज. घशातला अंदाज म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं, आणि सुई शिंकत असते.

थंडीत बॅटरी मरते. म्हणून बॅटऱ्या माझ्या काखेत असायच्या. जेवताना, झोपताना, ड्यूटीवर. हे माझं काम होतं.

त्याच पोस्टवर लान्स नायक नवनाथ होता. कोऱ्हाळे बुद्रुकचा. कोऱ्हाळे आणि भिगवण इथं दोन वेगळ्या तालुक्यांत आहेत, तिथं आम्ही सख्खे भाऊ होतो.

“तुमच्याकडं काय हाय रं? मासं,” तो म्हणायचा. “आमच्याकडं ऊस. ऊस खाल्ला तर तोंडाला वास येत न्हाय.”

“ऊस खाल्ला तर दात पडत्यात.”

“पडू दे. माझं लगीन झालंय.”

एका सकाळी बर्फ उपसायची पाळी आली. घामानं बॅटऱ्या ओल्या होतील म्हणून मी त्या काढून फळीवर ठेवल्या. ११२५ ला शेजारच्या बंकरमध्ये रॉकेलचा स्टोव्ह भडकला. नवनाथ धुरातून आपल्या पायांनी बाहेर आला. भुवया जळाल्या होत्या. खोकत होता.

“भुवया गेल्या. बायकू वळखंल का?” त्यानं विचारलं.

मी हसलो. कॅप्टन साहेब हसले नाहीत. “आवाज सुनो इसकी,” ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. आतून घसा भाजला होता आणि सुजायला लागला होता. “ट्यूब. अभी.”

रेडिओवर मी होतो.

“कॅज्युअल्टी एक. बर्न. एअरवे बंद हो रहा है. हेलिकॉप्टर रिक्वेस्ट. ओव्हर.”

“मौसम बंद. वेट करो. ओव्हर.”

“कितनी देर? ओव्हर.”

“वेट. आउट.”

साहेबांनी पात घातली. दिवा लागला, पिवळा झाला, विझला. मी फळीवरच्या बॅटऱ्या काखेत घेतल्या, चोळल्या, पुन्हा घातल्या. पुन्हा पिवळा. साहेबांनी टॉर्च माझ्या हातात दिली, पण टॉर्चचा उजेड जिभेवर पडतो, जिभेमागं वळत नाही. तीन वेळा प्रयत्न केला. मग गळ्याला छेद दिला. उशीर झाला होता. १३१० ला साहेबांनी घड्याळ बघितलं.

रात्री, नंतर, ते मला म्हणाले की दिवा असता तरी कदाचित दिसलं नसतं, सूज फार होती. ते चांगले अधिकारी होते, म्हणून म्हणाले.

या पोस्टबद्दल माझ्याकडं अजून बऱ्याच गोष्टी आहेत. त्या हसवणाऱ्या आहेत. ही एवढीच.

फौज सुटली आणि मी भिगवणला आलो. आमच्या घरात शेती, शिक्षकी आणि बँक असे तिन्ही प्रकार आहेत. धाकटा भाऊ बँकेत, भावजय शाळेत. मला घरात बसवेना. दवाखान्यात लागलो. तिथं आठवड्यातून दोन दिवस बारामतीहून भूल देणाऱ्या डॉक्टर यायच्या, तांबोळी मॅडम. बारामतीत त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. मॅडमही बोलताना प्रत्येक शब्द गजानं मोजून देतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना कुल्फीच्या चहाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “सक्शन चालू आहे का बघा.”

तो काळ असा, की मोठ्या शहरांत स्क्रीनवाले लॅरिंगोस्कोप आले होते. पातीच्या टोकाला कॅमेरा. घशाच्या आतलं दार समोर पडद्यावर दिसतं. आमच्या दवाखान्याला ते परवडणारं नव्हतं, विषय संपला.

विषय माझ्या डोक्यात संपला नाही. एके दिवशी सलीम मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो होतो. सलीम ट्रॅक्टर दुरुस्त करतो. इंजिन न खोलता तो एका भोकातून पेन्सिलीएवढी वायर आत सोडत होता. टोकाला कॅमेरा, भोवती बारीक दिवे, आणि सिलिंडरच्या आतला ओरखडा त्याच्या मोबाइलवर दिसत होता.

“सलीमभाई, ही वायर मानसाच्या नरड्यात गेली तर?”

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “कुणाच्या? नाव सांगा, मग ठरवू.”

पुढचे तीन महिने आमची जोडी जमली. पहिलं मॉडेल आम्ही रबरबँडनं बांधलं. मॅडमनी एका बोटानं रबर ओढला, तो सुटून छताला लागला. “हा पेशंटच्या घशात सुटला तर?” दुसरं मॉडेल वायरमन लोक वापरतात त्या काळ्या नळीत बसवलं, जी गरम केली की आवळून घट्ट बसते. ते पक्कं बसलं. मोबाइल कुठं ठेवायचा? लॅरिंगोस्कोपची मूठ गोल असते, मोटरसायकलच्या हँडलसारखी. मोटरसायकलला लावतात तो मोबाइल होल्डर मी तिच्यावर कसला. असा बसला की जणू कंपनीनं भिगवणचं माप घेऊन बनवला होता.

काचेवर धुकं यायचं. पोस्टवर आम्ही गॉगलला साबण चोळायचो. मी साबण काढला.

“पेशंटच्या घशात साबण चालणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “कोमट सलाइन.”

कोमट सलाइननं धुकं गेलं. साबणाचा अपमान मी गिळला.

मग निर्जंतुक कसं करायचं, कोणत्या द्रावणात किती वेळ बुडवायचं, वर कोणतं पातळ आवरण चढवायचं, हे सगळं मॅडमनी लिहून भिंतीवर लावलं. आणि सरावासाठी पुतळा हवा म्हणाल्या. मी जुनं हेल्मेट घेतलं. आत फोमची जीभ, आणि श्वासनळीच्या जागी उसाच्या शेतातली ठिबकची नळी. नर्सबाई त्याला जावई म्हणायच्या, कारण तोंड सदा उघडं. मॅडमनी जावयाच्या घशात शंभर वेळा नळी घातली, मला मोजायला बसवलं, आणि मग मोठ्या डॉक्टरांची सही घेतली. मोठे डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे मालक, सर्जन. अट एकच होती. आधी नेहमीची पात. आमचं यंत्र फक्त अडलं तर.

तशी अडायची वेळ आली सोपान आला त्या दिवशी, अकरा त्रेचाळीसला.

त्या दिवशी हर्नियाची ऑपरेशनं होती म्हणून मॅडम आणि मोठे डॉक्टर दोघंही थिएटरात होते. दोन झाली होती. तिसरे पेशंट, एक निवृत्त गुरुजी, हिरवा गाऊन घालून व्हरांड्यात उपाशी बसले होते आणि देशाच्या वक्तशीरपणावर बोलत होते.

सोपानला टेबलावर बसवूनच ठेवला. बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी.

“बारामतीच्या कानघशाच्या डॉक्टरांना फोन लावा,” मोठे डॉक्टर म्हणाले.

नर्सबाईंनी लावला. “निघालेत. पस्तीस मिनिटं म्हणतायत.”

“याच्याकडं पस्तीस नाहीत.” त्यांनी पेननं सोपानच्या गळ्यावर खूण केली आणि चाकूचा ट्रे जवळ ओढला.

मॅडम सोपानच्या समोर उभ्या राहिल्या. “सोपानराव, मी तुम्हाला झोपवणार नाही. झोपलात तर श्वासही झोपेल. घसा बधिर करते. त्रास होईल. हात मारायचा नाही. कळलं?”

सोपाननं मान हलवली. डोळे बाहेर आले होते, पण कळत होतं सगळं. मी मागून त्याचं डोकं छातीशी धरलं. त्याच्या अंगाला पाण्याचा आणि शेवाळाचा वास होता.

घशात फवारा मारला. अकरा सेहेचाळीस, नेहमीची पात. मॅडम वाकल्या. एक डोळा मिटला.

“रक्त. सक्शन. काहीतरी काळं आहे. कुठं अडकलंय दिसत नाही.”

“सत्त्याहत्तर,” नर्सबाई म्हणाल्या.

मॅडमनी चिमट्यानं धरून हलकं ओढलं. सोपानचं सगळं अंग ताठ झालं. काटे आणखी रुतले.

“बाहत्तर.”

“मी कापतो,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“मासा किती खाली आहे ते माहीत नाही, सर. आपण छेद देऊ आणि तो छेदाच्या खाली असेल तर?” मॅडमचा आवाज तोच, गजानं मोजलेला. “एक मिनिट द्या. हवालदार, तुमचं ते आणा.”

सतरा वर्षांत मला बरेच हुकूम मिळाले. हा सगळ्यात लहान. मी तीन पावलांत कपाटापाशी आणि दोन पावलांत परत. पण एक अडचण होती. यंत्राचा जुना मोबाइल आदल्याच दिवशी फुगला होता, बॅटरी गेलेली. मी स्वतःचा मोबाइल काढून होल्डरमध्ये घातला, वायर जोडली, टोक कोमट सलाइनमध्ये बुडवलं, आवरण चढवलं. मूठ मॅडमच्या हातात दिली आणि सोपानचं डोकं पुन्हा छातीशी धरलं.

“एकोणसत्तर.”

पात आत गेली. आणि पडदा उजळला.

मी खोटं सांगणार नाही. म्हणजे इतर वेळी सांगतो, आत्ता नाही. लाल भिंती, मधे रुपेरी खवले, आणि डाव्या बाजूला पाठीचा एक काटा मांसात आडवा रुतलेला. आम्ही तिघांनीही एकाच वेळी बघितलं. आतापर्यंत एक जण वाकायचा आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहायचे.

“एकच काटा खोल आहे,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी चाकू ठेवला आणि लांब वाकडी कात्री घेतली. “तुम्ही धरा. मी काटा कापतो. दोघं याच पडद्याकडं बघू.”

“बघा. थोडं डावीकडं. अजून. थांबा.”

कात्रीचं टोक काट्यापाशी पोचलं. तेवढ्यात पडद्यावरून मासा गेला आणि माझी बायको आली.

हातात शेळीचं करडू घेतलेला तिचा फोटो, खाली हिरवं आणि लाल बटण, आणि फोन बिगुलासारखा वाजायला लागला. जावयावर सराव करताना मीच नियम केला होता की मोबाइल आधी फ्लाइट मोडवर. भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

कुणीही हललं नाही. मॅडमचे दोन्ही हात सोपानच्या तोंडात होते. मोठ्या डॉक्टरांची कात्री जिथल्या तिथं.

“हवालदार,” मॅडम म्हणाल्या, “बाईंना बाजूला घ्या.”

मी लाल बटण दाबलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिचा फोन मी पहिल्यांदा कापला. दुसऱ्या बोटानं फ्लाइट मोड. मासा परत आला.

“सहासष्ट.”

“कापा,” मॅडम म्हणाल्या.

कच असा आवाज आला. मला तरी आला. मोठे डॉक्टर म्हणतात घशातला आवाज बाहेर येत नाही.

मॅडमनी ओढलं नाही. आधी चिमट्यात मासा किंचित फिरवला, राहिलेले काटे भिंतीपासून सुटेपर्यंत. पडद्यावर एकेक काटा मिटताना दिसला. मग वर. रुपेरी अंग पडद्यावर मोठं होत गेलं, पडदा भरला, आणि ट्रेमध्ये थप्पकन पडलं.

अकरा त्रेपन्न.

सोपाननं श्वास घेतला. तो श्वास एवढा मोठा होता की थिएटरचे पडदे आत ओढले गेले. हे कमी करून घ्या. पण श्वास घेतला, आणि करवतीचा आवाज निम्म्यावर आला.

“चौऱ्याहत्तर. ऐंशी. शहाऐंशी.”

मासा ट्रेमध्ये एकदा उसळला. त्यानं सॅल्यूट केला असं मी गावात सांगतो. लांबी मी हातभर सांगतो. मॅडमनी पट्टी लावली, शेपटी सोडून साडेतीन इंच.

मला वाटलं झालं. मी सोपानच्या डोक्यावरची पकड सैल केली.

“सोडू नका,” मॅडम म्हणाल्या. “सोपानराव, काहीतरी बोला.”

“बरं… वाटतंय,” सोपान म्हणाला.

आवाज घोगरा होता. मॅडमनी माझ्याकडं बघितलं नाही, त्यांना नवनाथचं काही माहीत नव्हतं. पण मी पकड पुन्हा घट्ट केली.

“घसा सुजतोय,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या तासानं नळी जाणार नाही. आत्ताच घालायची.”

औषध दिलं. सोपान हळूहळू जड झाला, आम्ही त्याला सावकाश आडवा केला. पात पुन्हा आत. पडद्यावर सगळं लाल, फुगलेलं, रक्ताळलेलं. नेहमीच्या पातीनं इथं काहीच दिसलं नसतं. मॅडमनी टोक किंचित उचललं. सुजेच्या मागं, अगदी फटीएवढं, दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मधे काळं.

“दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“दिसतंय, मॅडम.”

सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या खांद्याआडून नळ्या दिल्या होत्या. ते दार मी असं कधी बघितलं नव्हतं.

नळी पट्ट्यांमधून आत गेली. मॅडमनी फुगा दाबला, सोपानची छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर आली. अकरा एकोणसाठ. ऑक्सिजन सत्त्याण्णव.

मोठे डॉक्टर स्टुलावर बसले आणि टोपी काढून तिच्यानंच तोंड पुसलं. गळ्यावरची पेनची खूण नर्सबाईंनी स्पिरिटनं पुसून टाकली. बारामतीचे डॉक्टर बारा वाजून अठरा मिनिटांनी पोचले. त्यांनी घसा तपासला, यंत्राकडं बघितलं, होल्डर उलटसुलट केला आणि म्हणाले, “हा तर बुलेटचा.”

“नाही सर,” मी म्हणालो, “स्प्लेंडरचा.”

हात धुतले आणि व्हरांड्यात आलो. किसन जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. शेपटी अजून मुठीत.

“मेजर?”

“वाचला. उद्या बोलंल.”

त्यानं मूठ उघडली, शेपटीकडं बघितलं, आणि ती कुठं टाकावी ते न कळून खिशात घातली. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती माझ्या मानानं हलकी होती.

मी बाकावर बसलो. लान्स नायक नवनाथ, कोऱ्हाळे बुद्रुक. रँकसकट, मोठ्यानं, हजेरीत नाव घेतात तसं घेतलं. उत्तराला एक क्षण थांबलो. सवय आहे.

शेजारी हर्नियाचे गुरुजी होते. “कोण?” त्यांनी विचारलं.

“माझ्याबरोबरचा एक.”

“बरं,” गुरुजी म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “मग आता माझा नंबर घेणार, का मी जेवू?”

त्यांचा नंबर दोन वाजता घेतला. ऑपरेशन छान झालं. बायकोला फोन केला. ती काय म्हणाली ते सेवेच्या आठवणींत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली. सकाळी साडेदहाला मॅडमनी नळी काढली. सोपान खोकला, थुंकला, पाणी मागितलं. घोटभर प्यायला. पाणी खाली गेलं. किसन पायाशी उभा होता आणि भावाच्या गळ्याकडं टक लावून बघत होता, जणू पाणी कुठून गळतंय का ते शोधतोय.

मॅडमनी घसा ऐकला, छाती ऐकली, कागदावर लिहिलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि मला वाटतं नोकरीत पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या.

“सोपानराव, तुम्ही काल मेलाच होतात. कळतंय का? पुन्हा कधी दातात मासा धरणार का?”

सोपाननं ग्लास खाली ठेवला.

“हात दोनच हायत,” तो म्हणाला.